चिमाजीचा दमसास

चिमाजीला धरलं तेव्हा त्यानं काही चोरलेलं नव्हतं. त्याला फक्त दम लागला होता.

गोष्ट एकोणीसशे त्रेपन्न सालच्या पौषातली. इंद्रायणीच्या काठाला, मोशीच्या वरच्या अंगाला बोरवाडी म्हणून साठ-सत्तर उंबऱ्यांचं गाव होतं. गावचे पाटील नानासाहेब यांनी आदल्या वर्षी नदीवर तेलाचं इंजिन बसवलं होतं. आसपासच्या पाच गावांत तसं इंजिन नव्हतं. त्याची फकफक ऐकायला म्हाताऱ्या बायासुद्धा काठापर्यंत जाऊन यायच्या. एके दिवशी दिवेलागणीला त्या इंजिनाच्या चाकावरचा जाडजूड पट्टा कोणीतरी कापून नेला.

नेमका त्याच वेळी चिमाजी नदीवर हातपाय धुऊन बांधाबांधानं घरी निघाला होता. चोवीस वर्षांचा, काटकुळा, चारचौघांत तोंड न उघडणारा गडी. आईबाप लहानपणीच गेलेले. विधवा आत्या अंबूबाई, तिनंच त्याला वाढवलं. समोरून हातात काठी घेऊन हिंदुराव आला. हा नानासाहेबांचा सख्खा भाचा. मामाकडेच राहायचा, मामाच्या जिवावर गावात मिरवायचा. चैत्रात भैरोबाच्या जत्रेला चाकण ते बोरवाडी अशी साडेसात मैलांची पळण्याची शर्यत असे, ती तो सलग चार वर्षं जिंकत आला होता. मानाचा फेटा त्याच्याच डोक्याला. 'हिंदुरावाचा दम म्हणजे घोड्याचा दम,' असं लोक कौतुकानं म्हणत.

"धरा रं त्याला! पट्टा त्यानंच नेलाय!" हिंदुराव ओरडला.

चिमाजीनं त्या वेळी नुसतं उभं राहायला हवं होतं. रिकामे हात वर करून दाखवायला हवे होते. पुढं कितीतरी वर्षं तो स्वतःला याचाच जाब विचारत राहिला. पण काठी बघितली आणि त्याचे पाय त्याला न विचारता पळत सुटले.

दोन वावरं ओलांडली आणि त्याची छाती फुटायला आली. उजव्या बरगडीखाली कोणी सुरी खुपसावी तशी कळ निघाली. मागून हिंदुराव येत होता, पण घाईनं नाही. हुंदडत, हसत. "पळ की! अजून पळ की!" असं म्हणत त्यानं चिमाजीला आणखी एक वावर पळू दिलं. हरभऱ्याच्या रानात चिमाजी पालथा पडला, तेव्हा हिंदुराव त्याच्या पाठीवर बसला.

लोक जमले. हिंदुरावानं विचारलं, "बोल, पट्टा कुठं टाकलास?"

'म्यां न्हाई घेतला.' एवढे तीनच शब्द बोलायचे होते. चिमाजीनं तोंड उघडलं, पण आत हवाच नव्हती. नुसती घरघर बाहेर आली.

"बघा, न्हाईसुद्धा म्हणत न्हाई!" हिंदुराव लोकांना म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत चिमाजीला भैरोबाच्या देवळापुढच्या दीपमाळेला बांधून ठेवलं. गळ्यात जुन्या चपलांची माळ. येणारा-जाणारा थांबून बघायचा. नेमके त्याच दिवशी चऱ्होलीहून त्याचे होणारे सासरे, दौलतराव, लग्नाची तिथी ठरवायला आले होते. ते वेशीतून आत आले, दीपमाळेपाशी क्षणभर थांबले आणि आल्या पावली परत गेले. सोयरीक तिथंच मोडली. दुपारी नानासाहेब आले आणि म्हणाले, "सोडा त्याला. पोरकं पोर हाय." जणू उपकारच केले.

तीन महिन्यांनी खरं काय ते कळलं. चाकणच्या शनिवारच्या बाजारात ज्योतीराम नावाचा एक माणूस चपला विकायला बसला होता. त्यातल्या एका चपलेच्या तळाला पांढऱ्या रंगातला अर्धा 'ना' चिमाजीला दिसला. नानासाहेबांनी इंजिनाच्या पट्ट्यावर आपलं नाव रंगवून घेतलं होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"हा पट्टा कुठून आणला, दादा?"

"बोरवाडीच्याच माणसाकडून," ज्योतीराम सहज म्हणाला. "तो न्हाई का, जत्रंत पळतो तो. फेटेवाला."

चिमाजी ती चप्पल घेऊन थेट नानासाहेबांच्या ओसरीवर गेला. नानासाहेबांनी ती उलटीपालटी करून पाहिली, बैठकीखाली सारली आणि शांतपणे विचारलं, "तू चोर नव्हतास, मग पळालास कशाला?"

चिमाजी तसाच ओसरी उतरला. पुढच्या शनिवारी तो चाकणला गेला, तर ज्योतीरामाची जागा रिकामी. जुन्नरकडे गेला म्हणाले. पुरावा पाटलाच्या बैठकीखाली आणि साक्षीदार परागंदा.

त्या संध्याकाळी चिमाजी परसात कुऱ्हाडीला धार लावत बसला. अंबूबाई भाजीची पाटी रिकामी करून आली, तिनं ते बघितलं. ती ओरडली नाही. समोर फतकल मारून बसली.

"कुणासाठी?"

"तुला ठावं हाय."

"मारून काय करशील? मेला तर गाव त्यालाच रडंल. तू फासावर. मी हितं एकली." तिनं धारेचा दगड बाजूला सारला. मग म्हणाली, "चिमा, त्याच्यापाशी एकच चीज हाय. तो दम. बाकी सगळं मामाचं हाय. घ्यायचं तर ते घे."

अंबूबाईला दया आली होती असं नाही. ज्या दिवशी दीपमाळेपाशी तिच्या पोराला बांधलं होतं, त्या दिवशी ती पाण्याचा तांब्या घेऊन गेली, तर हिंदुरावानं तो पायानं उडवला होता. ते तिनं चिमाजीला कधी सांगितलं नव्हतं. आज सांगितलं.

कुऱ्हाड माळ्यावर गेली.

दुसऱ्या दिवसापासून चिमाजी पळायला लागला. पळायला लागला म्हणजे काय, नाशिक रस्त्यावर तारेचे खांब होते, त्यांतल्या पहिल्या खांबापासून जीव खाऊन सुटायचा, तिसऱ्या खांबापाशी बरगडी धरून बसायचा. आठ दिवस असंच झालं. मग त्याला वाटलं, दम कमी आहे तर दम कोंडायला शिकावं. हुतूतूत पोरं श्वास कोंडतातच की. तो नदीत बुडी मारून आत बसू लागला. शंभर आकडे, दीडशे आकडे. डोळ्यांपुढं काजवे चमकायचे, कानांत घंटा वाजायच्या. एकदा तर बाहेर येऊन तो काठावर आडवाच झाला. आणि एवढं करूनही रस्त्यावर गेलं की तिसऱ्या खांबापाशी बरगडी धरायचीच.

"कोंडून काय हुतंय?" अंबूबाई म्हणाली. "माझ्यासंगं चल उद्या."

अंबूबाई रोज डोक्यावर भाजीची पाटी घेऊन देहूरोडच्या छावणीत विकायला जायची. सहा मैल जाणं, सहा मैल येणं. बरोबर शेजारची गोजाबाई असायची. दोघी झपाझपा चालायच्या, जवळजवळ पळायच्याच, आणि वाटभर त्यांचं बोलणं थांबायचं नाही. सुना, व्याही, विहिरीवरची भांडणं. चिमाजी मोकळ्या हातांनी त्यांच्यामागून निघाला. चिखलीची टेकडी चढताना त्याला धाप लागली. त्या दोघी पाट्यांसकट वर पोचल्या होत्या आणि गोजाबाईच्या नणंदेचा विषय अजून चालूच होता.

"बघितलंस?" अंबूबाई म्हणाली. "बोलता आलं पायजे. बोलणं तुटलं की चाल कमी करायची. बोलणं जुळलं की वाढवायची. आन् श्वास आत भरायच्या मागं लागू नको. आधी बाहेर टाक, समदा टाक. आत यायचा तो आपसूक येतोय." तिनं त्याच्या पोटावर बोट टोचलं. "आन् हितनं घे. खांदं कशाला उडवतोस?"

चिमाजीला एवढं पुरलं. त्यानं बिडी सोडली. एक खांब पळायचा, दोन खांब चालायचा. पळताना बोलायचं, हे ठरलं. पण एकट्यानं बोलायचं काय? ते त्याला शोधावं लागलं नाही. हरभऱ्याच्या रानात जे बोलता आलं नव्हतं, तेच. त्यानं एक वाक्य बांधलं:

"हिंदुराव, पौषातल्या अवसेच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला तू मामाच्या इंजिनाचा पट्टा कापलास, चाकणच्या बाजारात ज्योतीरामाला विकलास, आन् मला चोर म्हणून दीपमाळेला बांधलंस."

पहिल्या आठवड्यात ते 'अवसेच्या'पाशी तुटायचं. तुटलं की तो चालायला लागायचा, श्वास बाहेर टाकायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. ज्येष्ठ संपता संपता 'दिवेलागणीला'पर्यंत आला. दिवाळीला 'इंजिनाचा पट्टा कापलास' म्हणता येऊ लागलं. दुसरे लोक मैल मोजतात, चिमाजी शब्द मोजत होता. तीन पावलांत श्वास आत, चार पावलांत बाहेर, हे त्याला कोणी शिकवलं नाही. शब्दांच्या मधल्या जागा धरता धरता ते आपोआप बसलं.

चोपन्न सालाच्या शेवटी पिंपरीला औषधांच्या नव्या कारखान्यात माणसं घ्यायला लागले. चिमाजीला बाटल्या धुण्याच्या खात्यात काम लागलं. बोरवाडी ते पिंपरी पाच मैल. बाकीचे सायकलीवर किंवा खडीच्या ट्रकवर लोंबकळत जायचे. चिमाजी डबा पाठीला बांधून पळत जायचा, पळत यायचा. फाटकापाशी पोचला की लोक विचारायचे, "भाऊ, कुणी मागं लागलंय का?" तो म्हणायचा, "न्हाई. मीच मागं लागलोय."

पंचावन्नच्या चैत्रात त्यानं शर्यतीत नाव दिलं. तिथं त्यानं घोटाळा केला. चाकणच्या वेशीत सगळे उभे राहिले, हिंदुरावानं फेट्याचं शेपूट झटकलं, चिमाजीकडं बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय रे, अजून पट्टा शोधतोयस का?" लोक हसले. चिमाजीचं रक्त कानशिलात चढलं. ढोल वाजला तसा तो पिसाळल्यासारखा सुटला. पहिला दीड मैल तो हिंदुरावाच्या पुढं होता. आणि मग ती जुनी कळ, तीच घरघर. कुरुळीपाशी तो रस्त्याच्या कडेला बसला. हिंदुराव पुढून गेला, जाता जाता त्याच्या दिशेनं थुंकला. थुंकी पायाजवळच्या धुळीत पडली.

घरी आल्यावर अंबूबाईनं विचारलं, "किती शब्द झालं?"

"एकबी न्हाई."

"राग कुठं होता?"

चिमाजीनं छातीवर हात ठेवला.

"तिथं राग बसल्यावर हवा कुठं बसणार?" ती म्हणाली. "खाली घाल त्याला. पोटात. आन् थंड कर. गरम राग चार खांब पुरतोय."

ते एक वर्ष चिमाजीनं राग थंड करण्यात घालवलं. कमी केला नाही, थंड केला. वाक्य बोलताना आधी त्याचा आवाज चिरकायचा, मुठी वळायच्या, आणि त्यातच अर्धा दम जायचा. आता तो ते वाक्य बाजारातला भाव सांगावा तसं सांगू लागला. हात सैल, खांदे खाली. आठवड्यातून एकदा चाकणपर्यंत जाऊन परत यायचा. एकदा चिखलीच्या टेकडीवर, चढ चढता चढता, सबंध वाक्य न तुटता तोंडातून बाहेर पडलं. 'दीपमाळेला बांधलंस' म्हणून झालं तरी थोडी हवा शिल्लक होती. तो माथ्यावर थांबला आणि त्यानं चारही बाजूंना बघितलं. खाली नदी, पलीकडं चाकणची वाट. त्याला आनंद वगैरे झाला नाही. धार लागली का नाही, हे अंगठ्यानं बघून माणूस मान हलवतो, तशी त्यानं मान हलवली.

पुढच्या महिनाभरात ते वाक्य तो दोनदा लागोपाठ म्हणू लागला. मग तीनदा.

छप्पनच्या चैत्रात चौदा जण पळायला उभे होते. त्यांत देहूरोडच्या छावणीतला एक साताऱ्याकडचा शिपाई होता, मारुतराव. उन्हं अजून तापायची होती. शर्यतीबरोबर सायकलवरून पंच म्हणून शाळेचे हेडमास्तर उद्धवराव चालले होते. बोरवाडीत त्यांच्या शब्दाला मान होता, खुद्द नानासाहेबसुद्धा त्यांच्यापुढं जपून बोलत.

हिंदुराव यंदाही काहीतरी बोलला. चिमाजीनं ऐकलंच नाही. ढोल वाजला. मारुतराव पुढं निघून गेला, त्याची चालच निराळी होती. हिंदुराव दुसरा. चिमाजी त्याच्या डाव्या खांद्यामागं एक हात अंतर ठेवून लागला आणि तिथंच राहिला.

मैलभर गेल्यावर हिंदुरावाला ते जाणवलं. त्यानं मान वळवली. चिमाजीचं तोंड मिटलेलं होतं. नाकानं श्वास चालला होता. हिंदुरावानं चाल वाढवली. चिमाजीनंही वाढवली. हिंदुरावानं कमी केली. चिमाजीनंही कमी केली. सात वर्षांत हिंदुरावाला कधी सराव करावा लागला नव्हता. अंगच्या ताकदीवर आणि बाकीच्यांच्या भीतीवर काम भागत होतं. कुरुळी मागं पडली तेव्हा त्याच्या श्वासाचा आवाज चिमाजीला ऐकू येऊ लागला. लोहाराच्या भात्यासारखा, तोही फाटक्या.

उद्धवरावांची सायकल जवळ येईपर्यंत चिमाजी थांबला. मग खांद्याला खांदा लावून, घरी बसल्यासारखा म्हणाला,

"हिंदुराव, जरा बोलायचं का?"

हिंदुरावानं डोळे फाडून बघितलं.

"पौषातल्या अवसेच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला तू मामाच्या इंजिनाचा पट्टा कापलास, चाकणच्या बाजारात ज्योतीरामाला विकलास, आन् मला चोर म्हणून दीपमाळेला बांधलंस. खरं का खोटं?"

"ग... गप..." हिंदुराव म्हणाला. पुढचा शब्द आला नाही.

"खोटं असंल तर न्हाई म्हण. एकच शब्द हाय."

उद्धवराव सायकल चालवता चालवता वाकून ऐकत होते. हिंदुरावानं दात खाल्ले आणि जोरात सुटला. चिमाजी बरोबर निघाला आणि पळता पळता पहिल्यापासून पुन्हा सगळं बोलला. तारीख, जागा, नाव, एकही शब्द न गाळता. या बाजूनं बोलून झालं की त्या बाजूला गेला आणि तिथून बोलला. रस्त्याच्या कडेला जत्रेला निघालेल्या गाड्या होत्या, त्यांतली माणसं माना वळवून ऐकत होती. हिंदुराव पळून आवाजापासून सुटायला बघत होता आणि जितका पळत होता तितका त्याचा दम संपत होता.

मोशीच्या पुलावर हिंदुराव थांबला. कठड्याला धरून वाकला. सकाळची न्याहारी बाहेर पडली. ओठ निळसर झाले होते.

चिमाजीही थांबला. मागचे सगळे एकेक करून त्यांना ओलांडून पुढं गेले. चिमाजीनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. हिंदुरावाच्या समोर उकिडवा बसला, अगदी तोंडाजवळ.

"घे, दम घे. मला घाई न्हाई. दम घे आन् सांग, पट्टा कुणी नेला?"

हिंदुरावानं चार वेळा तोंड उघडलं, मिटलं. खोटं बोलायचं म्हणजे जुळवाजुळव करावी लागते आणि तेवढीही हवा त्याच्यापाशी उरली नव्हती.

"म्यां... विकला..." तो म्हणाला. "झालं? सोड... आता."

उद्धवराव सायकल टेकवून जवळ आले होते. त्यांनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा पडला. "चिमाजी," ते म्हणाले, "मी ऐकलंय. मी सांगेन चारचौघांत. आता पुरे कर."

"मास्तर," चिमाजी म्हणाला, "मला बांधलं तवा कुणी पुरे म्हटलं न्हवतं. तुमीबी न्हाई."

उद्धवरावांनी खाली बघितलं. ते खरं होतं. त्या दिवशी शाळेच्या खिडकीतून दीपमाळ दिसत होती.

चिमाजीनं हिंदुरावाच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं. "चल. दीड मैल ऱ्हायलाय. पळ की."

आणि त्यानं त्याला पळवलं. हात लावला नाही, शिवी दिली नाही. फक्त एक पाऊल मागं राहिला आणि हिंदुराव थांबला की म्हणायचा, "अजून पळ की." हिंदुराव दहा पावलं जायचा, धडपडायचा, उठायचा. चिमाजीच्या पोटात थंडगार समाधान पसरत होतं, उन्हाळ्यात डेऱ्यातलं पाणी उतरावं तसं. आपल्याला त्याची कीव येईल, अशी त्याला मधून मधून धास्ती वाटत होती. आली नाही.

मारुतराव शिपाई केव्हाच जिंकून फेटा बांधून बसला होता. देवळापुढं हिंदुराव शेवटून दुसरा आला आणि दीपमाळेपाशी गुडघ्यांवर पडला. शेवटचा चिमाजी. त्याला धाप लागली नव्हती. जमलेल्या लोकांना त्यानं स्वच्छ आवाजात सांगितलं, "मास्तरांना विचारा." आणि उद्धवरावांनी, शब्दाला जागून, सगळं सांगितलं.

नानासाहेब आढेवेढे घेऊ लागले. "झालं ते झालं. घरातली गोष्ट हाय."

"घरातली?" गर्दीतून अंबूबाई पुढं आली. डोईवरचा पदर सावरत म्हणाली, "माझ्या घरातलं पोर जत्रंच्या जागंला बांधलं हुतं, पाटील. तुमच्या घरातलं तेवढं झाकायचं व्हय? आन् ती चपल कुठाय? बैठकीखाली बघा, सापडंल."

लोक हसले. या वेळचं हसू निराळ्या दिशेला होतं. नानासाहेब उठून गेले. हिंदुरावाला कोणी बांधलं नाही, पण पाणी द्यायलाही कोणी पुढं झालं नाही. अंबूबाईच्या हातात तांब्या होता. तो तिनं चिमाजीला दिला आणि हिंदुरावाच्या देखत त्यानं सावकाश, घोट घोट करत, तळापर्यंत संपवला.

महिन्याभरात चऱ्होलीचे दौलतराव आले. थोरलीचं लग्न झालं होतं, पण धाकटी होती. "आमचं चुकलं," ते म्हणाले. अंबूबाईनं चहा दिला, गूळ दिला, वाटेला लावलं. "तुमच्या पावलांना परत जायची सवय हाय," एवढंच म्हणाली. पुढच्या वर्षी तळेगावकडच्या शालनबाईशी चिमाजीचं लग्न झालं आणि बरं झालं.

पण चिमाजीच्या मनात एक सल राहिला होता. शर्यतीनंतर आठवड्याच्या आत हिंदुरावानं गाव सोडलं होतं. चिमाजीला ते आवडलं नाही. त्यानं रोज गावात फिरावं, रोज लोकांच्या नजरेखालून जावं, असा त्याचा हिशेब होता. हा तर पुन्हा निसटला. अठ्ठावन्न साली कारखान्यातल्या एका नगरकडच्या गड्याकडून कळलं की हिंदुराव तिकडच्या एका साखर कारखान्यावर उसाच्या मोळ्या उतरवतो. आणि तिथंही सांगतो, की मी सात वर्षं शर्यत जिंकलेला माणूस.

चिमाजीनं दोन दिवसांची रजा टाकली. एसटीनं गेला. भर दुपारी गाड्यांच्या रांगेत हिंदुराव दिसला. काळवंडलेला, गालफडं बसलेली. चार जणांना हातवारे करून काहीतरी ऐकवत होता. चिमाजी जाऊन त्या चौघांच्या मागं उभा राहिला. हिंदुरावाची नजर वर आली. बोलता बोलता तो थांबला. वाक्य अर्धंच राहिलं.

"काय झालं, पैलवान?" एकानं विचारलं.

चिमाजी जागचा हलला नाही. हिंदुराव मान खाली घालून मोळी उचलायला लागेपर्यंत तो उभा राहिला. मग फाटकापाशी चहा प्याला आणि परतीच्या गाडीत बसला.

घरी अंबूबाई दारातच होती. "दिसला?"

"दिसला."

"काय म्हणाला?"

"काय न्हाई. बोलता बोलता थांबला."

"तुला बघून?"

"व्हय."

अंबूबाईनं ताट वाढलं. चिमाजी जेवायला बसला, तेव्हा शालनबाईनं विचारलं, "एवढ्या लांब नुसतं बघायला गेला हुता?"

"पुढच्या वरसाला बी जाणार हाय," चिमाजी म्हणाला आणि त्यानं आणखी एक भाकरी मागून घेतली.